करंजीची कड आणि ॲक्रेलिकचा सांधा

रंगीत माशांवरच्या आमच्या मागच्या बोलण्यानंतर बऱ्याच गटांकडून एकच तक्रार आली. गप्पी आणि मोलीची मादी पिल्लं टाकते, सकाळी मोजायला जावं तर निम्मी गायब. कोण खातं? तीच खाते, आणि टाकीतले बाकीचेही खातात. गप्पी अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी जिवंत पिल्लं टाकते, आणि पिल्लू एकदा पोटातून बाहेर पडलं की तिच्या लेखी ते खाणंच असतं. त्यासाठी जन्मपेटी लागते. बाजारातली पेटी कापडासारख्या पातळ प्लॅस्टिकची, दोन महिन्यांत तडकते. म्हणून आज ॲक्रेलिकची पेटी घरी कशी जोडायची ते सांगतो. पण अर्धा वेळ आम्ही जोडायच्या द्रवाबद्दल बोलणार आहोत. कंटाळू नका, कारण तो भाग कोणी सांगत नाही.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली आली. तिच्यात महिलांना प्रकल्प खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे बऱ्याच बचत गटांच्या पडवीत आता काचेच्या टाक्या दिसतात. टाकी अनुदानात येते हो, पण पिल्लांची पेटी, गाळणीचा डबा, टाकीतला आडवा पडदा अशा बारक्या वस्तू आपल्यालाच बघाव्या लागतात. या वस्तू ॲक्रेलिकच्या बनतात. दुकानाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळते ती काचेसारखी शीट म्हणजे ॲक्रेलिक. त्यांच्याकडचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. मुख्य टाकी ॲक्रेलिकची करायच्या भानगडीत पडू नका. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पन्नास लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे पन्नास किलोपेक्षा जास्त वजन आतून बाहेर ढकलत असतं. ते काम काचेचं आणि सिलिकॉनचं. जन्मपेटी मात्र टाकीच्या पाण्यातच लटकते. आत पाणी, बाहेरही पाणी, सांध्यावर जोर जवळजवळ नाही. म्हणून शिकायला ती बरी.

आता सांधा कसा होतो ते समजून घेऊ. डिंक किंवा फेविकॉल दोन वस्तूंच्या मध्ये बसतो आणि दोघींना धरून ठेवतो. ॲक्रेलिकचा द्रव तसं काही करत नाही. करंजी करताना आपण कडेला दुधाचं बोट फिरवतो ना? दूध काही चिकट नसतं. ते पिठाची कड ओली करतं, दोन्ही पाऱ्या मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि मग वेगळ्या राहत नाहीत. ॲक्रेलिकचंही तसंच. द्रव दोन्ही कडा किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत जातात, द्रव उडून जातो आणि मागे नुसतं ॲक्रेलिक उरतं. म्हणूनच चांगला सांधा काचेसारखा आरपार दिसतो.

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. करंजीची कड नीट जुळली नसेल तर कितीही दूध लावा, तेलात ती उघडणारच. इथेही द्रव फट भरत नाही. कड सरळ आणि काटकोनात नसेल तर सांधा गळणार, द्रव कितीही ओता. आणि दूध जास्त झालं की कड लिबलिबीत होते, तसा द्रव जास्त झाला की ॲक्रेलिक पांढरं पडतं, ओघळाचे डाग कायमचे राहतात.

म्हणजे खरी मेहनत जोडण्याच्या आधी आहे. आमची पेटी २० सेंटिमीटर लांब, १२ रुंद, १२ उंच असते. ३ मिलिमीटर जाडीची शीट पुरते. तळ २०० बाय १२० मिलिमीटर. लांब बाजू दोन, त्याही २०० बाय १२०, तळाच्या वर उभ्या राहतात. आखूड बाजू या लांब बाजूंच्या मध्ये बसतात, म्हणून त्यांची रुंदी १२० नाही, ११४. कारण दोन्हीकडची ३-३ जाडी वजा करायची. शिवणकाम करणाऱ्या बायकांना हा हिशोब लगेच समजतो, त्या शिवणीची माया धरूनच कापतात. मात्र शीट तीनची म्हणून दिली तरी ती नेमकी तीनच भरेल असं नाही. आधी मोजा, मग कापा. आम्ही पुठ्ठ्याची पेटी आधी करून बघतो.

आत दोन उतरत्या पट्ट्या बसतात, कौलारू छप्पर उलटं धरल्यासारख्या. मधोमध ३ मिलिमीटरची फट ठेवायची. मादी वर राहते, पिल्लं फटीतून खाली घसरतात, तिला खाली जाता येत नाही. पट्ट्यांची लांबी १९४ मिलिमीटर, रुंदी सुमारे ७० मिलिमीटर. त्यांची दोन टोकंच आखूड बाजूंना जोडायची. उताराची लांब कड लांब बाजूला तिरकी लागते, तिथे सपाट बसत नाही, म्हणून तिथे द्रव लावून उपयोग नाही. पाणी आत-बाहेर खेळायला खालच्या भागात दीड मिलिमीटरची भोकं पाडायची, तीही जोडण्याआधी आणि कडेपासून लांब. ड्रिल हळू फिरवा, जोरात फिरवलं की ॲक्रेलिक वितळून बिटाला गुंडाळतं.

कापायला ३ मिलिमीटरपर्यंत ॲक्रेलिक कटर चालतो. पट्टी धरून एकाच रेषेवर सात-आठ वेळा ओढायचा, मग टेबलाच्या कडेवर ठेवून मोडायचं. मोडलेली कड खडबडीत असते. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर कड उभी घासायची, आधी २२० नंबर, मग ४००. हातात धरून घासाल तर कड गोल होईल आणि गोल कड म्हणजे फट. सुताराचा गुण्या लावून बघा, उजेडाकडे धरून बघा. दोन तुकडे कोरडे उभे केले आणि मधून उजेड दिसला, तर परत घासा. आमच्या गटात या घासण्याला एका पेटीमागे तासभर जातो, जोडायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

शहरात लेझरवर कापून मिळतं. कड चकचकीत दिसते आणि मोह होतो. पण लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो, आणि द्रव लागला की तिथे बारीक बारीक भेगा पडतात, जुन्या कपाच्या काचेवर पडतात तशा. लेझरची कड वापरायचीच असेल तर पॉलिश पेपरने वरचा थर घासून काढा. गॅसच्या ज्योतीने कड चमकवायची युक्तीही काही जण सांगतात, ती जोडायच्या कडेला करू नका, कारण तेच.

शीटवर दोन्ही बाजूंनी कागद किंवा पातळ फिल्म असते. ती पूर्ण काढू नका, कडेपासून एक-दीड सेंटिमीटर सोला. फिल्म सांध्याजवळ राहिली तर द्रव तिच्याखाली शिरतो आणि डाग पाडतो. चिकटपट्टीचंही तसंच, ती सांध्यावरून आडवी लावू नका.

जोडताना सांधा नेहमी आडवा, जमिनीला समांतर हवा. उभ्या सांध्यात द्रव ओघळून जातो. तळ आणि एक लांब बाजू आधी जोडायची, मग आखूड बाजू, मग उतरत्या पट्ट्या, शेवटी दुसरी लांब बाजू. दर वेळी पेटी फिरवून जो सांधा करायचा तो आडवा आणायचा. कोरडे तुकडे जागेवर उभे करा, वाटीने नाहीतर ठोकळ्याने टेकू द्या, आणि सुईच्या बाटलीने सांध्याच्या आतल्या कडेने द्रव सोडत जा. द्रव फटीत आपोआप ओढला जातो, वात तेल ओढते तसा. डोळ्यांदेखत चंदेरी रेघ जाऊन सांधा आरपार होतो. पहिल्यांदा बघताना बायका अगदी हरखतात. दाबू मात्र नका. जोरात दाबलं की द्रव बाहेर पिळला जातो आणि सांधा कोरडा राहतो. पाच मिनिटं हलवू नका. पाच मिलिमीटर किंवा त्याहून जाड शीट असेल तर फटीत केसासारखी बारीक तार ठेवतात, द्रव सोडतात, अर्ध्या मिनिटाने तार ओढून घेतात, म्हणजे मऊ झालेल्या कडा एकमेकींवर बसतात. आपल्या पेटीला त्याची गरज नाही.

आता त्या द्रवाकडे येऊ.

आपल्याकडे पाट्या बनवणारे बहुतेक क्लोरोफॉर्म वापरतात. सिनेमात रुमालावर टाकून माणसाला बेशुद्ध करतात तोच. सिनेमात दाखवतात तितका चटकन बेशुद्ध कोणी होत नाही, पण १८४७ साली एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी त्याचा भूल द्यायला वापर सुरू केला आणि पुढे डॉक्टरांनीच तो सोडून दिला, कारण तो हृदयाला आणि यकृताला बाधतो. दुसरा द्रव म्हणजे मिथिलीन क्लोराइड, त्यालाच डायक्लोरोमिथेन म्हणतात. तो अंगात गेला की शरीर त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनवतं, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांना मारतो तोच वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मिथिलीन क्लोराइडला कर्करोग होण्याची बरीच शक्यता असलेल्या पदार्थांत धरलं आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. एका पेटीला फार तर दोन-तीन चमचे द्रव लागतो. पण आपली कामाची पद्धत आणि या द्रवाचा स्वभाव यांचं जमत नाही, ते कळलं पाहिजे. या दोन्ही द्रवांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, खाली बसते. आणि आपण काम कुठे करतो? जमिनीवर मांडी घालून. बाटली मांडीशी, तोंड खाली वाकलेलं, शेजारी सतरंजीवर तान्हं मूल झोपलेलं. म्हणजे वाफ जिथे साठते नेमकं तिथेच आपण आणि आपलं लेकरू. वर पंखा लावून वास जात नाही, तो फक्त खोलीभर फिरतो.

म्हणून आमच्या गटात हे काम टेबलावर, उभ्याने, अंगणात होतं. वारा एका कुशीकडून येईल अशी जागा धरायची, समोरून आला तर तोंडावर आणतो आणि पाठीकडून आला तर अंगाच्या आडोशाला वाफ घुटमळते. स्वयंपाकघरात तर नाहीच. चूल, गॅस, उदबत्ती, विडी यांतलं काही जवळ नको, कारण यांची वाफ ज्वाळेतून गेली की त्यातून फॉस्जीन नावाचा फार विषारी वायू बनू शकतो. तोंडाला बांधलेला पदर किंवा करोनातला मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. पदर बांधून खोलीत बसण्यापेक्षा उघड्या तोंडाने अंगणात बसलेलं बरं.

पातळ रबरी हातमोज्यांवरही विसंबू नका. हा द्रव त्यांतून लवकर पार होतो आणि आत अडकून कातडीला लागत राहतो. मोज्यावर सांडलं की मोजा लगेच काढायचा, हात साबणाने धुवायचे. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरायची आणि दवाखाना गाठायचा. डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं तर बाटली बंद करून लांब मोकळ्या हवेत जायचं, पाच मिनिटांत बरं वाटलं तरी त्या दिवशी परत बसायचं नाही. बरं नाहीच वाटलं तर डॉक्टरकडे जाताना बाटलीवरचं नाव सांगता आलं पाहिजे.

आणि हे नावच बऱ्याचदा नसतं. तालुक्याच्या एका दुकानात आमच्या हातात बिनलेबलची बाटली आली. विचारलं, "भाऊ, यात काय आहे?" तर म्हणे, "ॲक्रेलिकचं पाणी आहे ताई, सगळे नेतात." आम्ही ती परत केली. नाव छापलेली, कंपनीची सीलबंद बाटलीच मागा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. घरी आणल्यावर कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतायचं नाही. एक तर लेकरं ती तोंडाला लावतात, आणि दुसरं म्हणजे हा द्रव कित्येक प्लॅस्टिक मऊ करतो. थर्माकोलवर एक थेंब टाकून बघा, खड्डा पडतो. मेडिकलमधली सिरिंज वापरली तर तिचं काळं रबर फुगून अडकतं. मऊ पॉलिथिनची सुईवाली बाटली मिळते, ती बरी, आणि सुईचं टोक घासून बोथट करून घ्या. टेबलावर एका दिवसापुरतंच थोडं काढायचं, मोठी बाटली कुलपात, सावलीत ठेवायची. मिथिलीन क्लोराइड ४० अंशालाच उकळतं. विदर्भातल्या आमच्या मैत्रिणींकडे मे महिन्यात सावलीत त्याच्या वर पारा जातो, तिथे तापलेली बाटली उघडली की द्रव फवाऱ्यासारखा अंगावर येतो. त्यांनी हे काम थंडीत करावं, तेही सकाळी.

कोकणातल्यांची अडचण उलटी. पावसाळ्यात हवेत दमटपणा इतका की द्रव उडताना सांधा गार पडतो, त्यावर दव धरतं आणि तो पांढुरका होतो. तसा सांधा दिसायलाही वाईट आणि ताकदीलाही कमी. म्हणून आम्ही दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत जोडून घेतो आणि पावसात फक्त कापणं-घासणं करतो.

आता एक गोष्ट, जिच्यावरून आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला. गटातल्या एका वहिनीचा हात फार छान बसला. तिच्या सांध्यात बुडबुडा म्हणून नाही. साहजिकच सगळ्यांचं म्हणणं पडलं की जोडायचं तिनेच, बाकीच्यांनी घासायचं. कोणी म्हणालं, तिला पेटीमागे जास्त मजुरी देऊ. तिलाही ते पटलं होतं, पैसे कोणाला नको असतात. पण आठवड्यातून चार दिवस तीच वाकून उभी राहणार, म्हणजे सगळ्या गटाची वाफ एकटीच्या छातीत जाणार. जास्तीची मजुरी म्हणजे त्या वाफेची किंमत होते, आणि ती किंमत ठरवायचा अधिकार आम्हाला नाही, असं आमचं मत पडलं. शेवटी ठरलं असं: जोडणाऱ्या चार जणी, प्रत्येकीची पाळी आठवड्यातून एकदा, एका वेळी तासापेक्षा जास्त नाही. मजुरी सगळ्यांना सारखी. गरोदर आणि अंगावर पाजणारी, तिला त्या टेबलाजवळ यायचंच नाही, तिने कापणं, घासणं, पॅकिंग करावं. ज्या वहिनीचा हात चांगला ती बाकीच्या तिघींना शिकवते. सुरुवातीला पेट्या थोड्या ओबडधोबड निघाल्या, काही विकता आल्या नाहीत. तो तोटा गटाने सोसला. काहींना अजूनही वाटतं की आम्ही उगाच बाऊ केला. वाटू दे.

नवरात्रीच्या तोंडावर मागणी वाढते, त्यावेळी ही पाळी मोडायचा फार मोह होतो. ऑर्डर कमी घ्या, पाळी मोडू नका.

पेटी जोडून झाली की लगेच पाण्यात नको. निदान दोन दिवस हवेशीर जागी ठेवा. सांधा बोटाला घट्ट लागतो, पण आत द्रव उरलेला असतो. मग पेटी वर्तमानपत्रावर ठेवायची, भोकांवर बाहेरून चिकटपट्टी लावायची, आणि पाणी भरून रात्रभर सोडायचं. सकाळी कागद कुठे ओला झाला ते बघायचं. सांधा गळत असेल तर वरून परत द्रव ओतू नका, आत कोपऱ्यात ॲक्रेलिकची बारीक पट्टी बसवून तिचा नवा सांधा करा. नंतर पेटी साध्या पाण्यात एक दिवस भिजवून, पाणी दोनदा बदलून, वास घेऊन बघा. किंचितही गोडसर वास आला तर आणखी दोन दिवस वाळवा. वास गेल्यावरच मादी आत.

पेटी टाकीच्या काठाला अडकवायला वरच्या कडेला दोन पट्ट्या बाहेर काढून जोडतात. नुसती सोडली तर ती बुडते, कारण ॲक्रेलिक पाण्यापेक्षा जड आहे. आणि हो, ॲक्रेलिकची पेटी काचेच्या टाकीला सिलिकॉनने चिकटवू नका. सिलिकॉन काचेला धरतं, ॲक्रेलिकला नीट धरत नाही, महिनाभराने सालासारखं सुटतं. पुढे गाळणीचा डबा कराल तेव्हा त्याला पाइप जोडायला नळकाम करणाऱ्यांकडचं टँक निपल वापरा, ते रबराच्या वायसरवर आवळून बसतं.

पुसताना साधं पाणी आणि मऊ सुती कापड. सॅनिटायझर, स्पिरिट, काच पुसायचं निळं पाणी यांतलं काही लावू नका, सांध्याजवळ भेगा पडतात. माशांना तर ते चालतच नाही. शेवाळ धरलं तर बोटाने घासा, भांड्याची घासणी नको, ओरखडे पडतात.

ज्या गटांना पुठ्ठ्याचा नमुना हवा असेल त्यांनी ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला येताना पुठ्ठा, पट्टी आणि कात्री घेऊन या. मापं तिथेच काढू. द्रवाची बाटली आणू नका, बैठक समाजमंदिरात आहे आणि तिथे खिडकी एकच आहे.